‘नासिक चौरस’: गणितात अडकलेले एका गावाचे नाव

नाशिकच्या इतिहासावर लिहायचे म्हटले की ठरावीक ठिकाणे आपसूक पुढे येतात. पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीचा शिलालेख, १९०९ मधील जॅक्सनवध, २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह. या यादीत न दिसणारी एक नोंद मात्र जगभरच्या गणिताच्या ग्रंथांत दीडशे वर्षे टिकून आहे. अंकांच्या एका विशिष्ट चौरसाला इंग्रजी गणितज्ञ ‘नासिक चौरस’ म्हणतात. हे नाव कोणी दिले, का दिले आणि त्यावरून काय सिद्ध होते, हा आजच्या धाग्याचा विषय. धागा लांबेल. कागद आणि पेन्सिल जवळ असू द्या, कारण हा इतिहास नुसता वाचून कळत नाही. तो सोडवावा लागतो.

प्रथम कोडे. खजुराहोच्या पार्श्वनाथ जैन मंदिराच्या दारालगत दगडात कोरलेला एक चौरस आहे. मंदिर दहाव्या शतकातले. स्थानिक लोक याला ‘चौतीसा यंत्र’ म्हणतात.

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

१ ते १६ हे सगळे अंक यात एकेकदाच आले आहेत. कोणतीही आडवी ओळ घ्या, बेरीज ३४. कोणताही उभा स्तंभ घ्या, ३४. दोन्ही कर्णही ३४. एवढे तर कोणत्याही जादूच्या चौरसात असतेच. आता यात दडलेल्या आकृत्या शोधा.

डाव्या वरच्या कोपऱ्यातली चार घरे पाहा: ७, १२, २, १३. बेरीज ३४. ही चार घरांची चौकट एक घर उजवीकडे सरकवा: १२, १, १३, ८. पुन्हा ३४. ती कुठेही सरकवा, उत्तर बदलत नाही. पटाचे चार कोपरे घ्या: ७, १४, ९, ४. तेही ३४. तीन-बाय-तीन चौकटीचे चार कोपरे घ्या, म्हणजे ७, १, १६, १०. तेही ३४.

आता ‘तुटके कर्ण’. १२ पासून निघा, तिरके खाली उतरा: १२, ८, ५. पट संपला. पण उजव्या कडेतून बाहेर पडून डाव्या कडेने आत आलो असे माना, तर पुढचे घर ९. बेरीज करा: ३४. दोन्ही दिशांचे मिळून असे सहा तुटके कर्ण आहेत आणि सहाही ३४ देतात. नासिक चौरसाची व्याख्या याच गुणावर उभी आहे: पूर्ण कर्णांप्रमाणे सर्व तुटके कर्णही तीच बेरीज देतात.

सर्व मोजदाद केली तर ओळी ४, स्तंभ ४, पूर्ण आणि तुटके मिळून कर्ण ८, कडा ओलांडणाऱ्या धरून दोन-बाय-दोनच्या चौकटी १६, आणि तीन-बाय-तीनच्या कोपऱ्यांचे ४ संच. एकूण ३६ आकृत्या. मी हे पहिल्यांदा पेन्सिलीने तपासले तेव्हा विसाव्या आकृतीनंतर बेरीज करणे सोडून दिले. आता चुकणार नाही याची खात्री पटली होती. ही खात्री कुठून येते, ते पाहण्यासारखे आहे.

चौरसाची वरची ओळ कात्रीने कापा आणि ती खाली चिकटवा. २, १३, ८, ११ ही ओळ वर आली. ७, १२, १, १४ तळाशी गेली. नवे कर्ण तपासा: २, ३, १५, १४ म्हणजे ३४, ११, १०, ६, ७ म्हणजेही ३४. जादू जशीच्या तशी. डावा स्तंभ कापून उजवीकडे लावा, तरीही तेच. याचा अर्थ या चौरसाला खरे तर कडाच नाहीत. एकाच नक्षीच्या फरश्या शेजारी शेजारी बसवून अंगण भरावे, तसा हा चौरस चारही दिशांना पुन्हा पुन्हा मांडा आणि त्या अंकांच्या अंगणातून कुठूनही चार-बाय-चारचा तुकडा उचला. तो तुकडा नासिक चौरसच असेल.

ही चौकटीबाहेरची नजर किती वेगळी आहे, ते एका प्रसिद्ध परक्या चौरसाशेजारी ठेवल्यावर कळते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने ‘मेलेंकोलिया’ या ताम्रपटचित्रात भिंतीवर एक जादूचा चौरस काढला. तळाच्या ओळीतल्या मधल्या दोन घरांत त्याने चित्राचे वर्ष गुंफले आहे: १५ आणि १४, म्हणजे १५१४.

१६ ३ २ १३
५ १० ११ ८
९ ६ ७ १२
४ १५ १४ १

ओळी, स्तंभ, कर्ण ३४. पण ३ पासून तिरके खाली उतरा: ३, ११, १२ आणि कड ओलांडून ४. बेरीज ३०. वरची ओळ कापून खाली लावली तर एक कर्ण ३८ होतो, दुसरा ४६. ड्यूररच्या चौरसाला कडा आहेत. कडा मोडल्या की तोही मोडतो.

मग ड्यूररच्या चौरसाकडे स्वतःचे काही आहे का? आहे, आणि ते सुंदर आहे. पटाच्या मध्यबिंदूवर बोट ठेवा आणि कागदाला अर्धा फेरा द्या. प्रत्येक घर आपल्या समोरच्या घराच्या जागी जाते. १६ च्या जागी १ येतो, ३ च्या जागी १४, १० च्या जागी ७. प्रत्येक जोडीची बेरीज १७. म्हणून अर्धा फेरा दिल्यावर स्वतःवरच बसणारी चार घरांची कोणतीही आकृती घ्या, तीत अशा दोन पूर्ण जोड्या येतात आणि बेरीज ३४ होते. शाळेच्या पुस्तकात जिला घूर्णन सममिती म्हणतात, ती इथे बेरजेचे काम करते. अशा एकूण ८ जोड्या. त्यांतून २ निवडण्याचे प्रकार २८. म्हणजे नुसत्या फिरवण्याच्या गुणावर ड्यूररच्या चौरसात २८ आकृत्या दडल्या आहेत.

आता एक सापळा. पटावर एक कललेला चौरस काढा: पहिल्या ओळीतले दुसरे घर, दुसऱ्या ओळीतले चौथे, चौथ्या ओळीतले तिसरे, तिसऱ्या ओळीतले पहिले. ही आकृती पाव फेरा दिला तरी स्वतःवर बसते. दिसायला इतकी नेटकी आकृती क्वचितच सापडेल. ड्यूररच्या पटावर ती ३, ८, १४, ९ हे अंक उचलते: ३४. खजुराहोच्या पटावर? १२, ११, १५, १६. बेरीज ५४! आणि तिचे आरशातले रूप घेतले तर १, ५, ६, २, म्हणजे अवघे १४.

छत्तीस आकृत्यांवर डोळे झाकून विश्वास टाकलेला माणूस इथे हमखास फसतो. आकृती सममित आहे म्हणून बेरीज जुळेल, हा तर्क अपुरा आहे. प्रश्न असा विचारायला हवा की आकृतीची सममिती आणि पटाची सममिती एकच आहे का? खजुराहोच्या पटात जोड्या मध्यबिंदूभोवती नाहीत. ७ पासून दोन घरे खाली आणि दोन घरे उजवीकडे जा: १०. बेरीज १७. १२ पासून तसेच जा: ५. पुन्हा १७. १३ पासून जा: ४. इथे प्रत्येक अंकाचा जोडीदार तिरक्या दिशेने दोन घरांवर आहे, मग त्यासाठी कड ओलांडावी लागली तरी बेहत्तर.

हे योगायोगाने घडत नाही, आणि त्याची सिद्धता इतकी छोटी आहे की ती इथेच देतो. विषम ओळी आणि विषम स्तंभ जिथे मिळतात त्या चार घरांची बेरीज ‘अ’ माना. सम ओळी आणि सम स्तंभ जिथे मिळतात त्या चारांची ‘ब’. सम ओळी आणि विषम स्तंभ जिथे मिळतात त्या चारांची ‘क’. दोन्ही सम ओळी मिळून ६८, म्हणजे ब + क = ६८. दोन्ही विषम स्तंभ मिळून ६८, म्हणजे अ + क = ६८. म्हणून अ आणि ब समान. आता ७, १३, १०, ४ हा पूर्ण कर्ण आणि १, ११, १६, ६ हा त्याला समांतर तुटका कर्ण एकत्र घ्या: त्यांत नेमकी अ आणि ब गटांची घरे येतात. म्हणून अ + ब = ६८, आणि प्रत्येकी ३४. शेवटची पायरी: ७ आणि १० या दोन्ही घरांतून जाणारे कर्ण दोन आहेत, ७, १३, १०, ४ आणि ७, ११, १०, ६. दोघांची बेरीज ६८. त्यात ७ आणि १० दोनदा आले, शिवाय १३, ४, ११, ६ हा अख्खा ब गट आला, तो ३४. उरले ३४, ते (७ + १०) च्या दुप्पट. म्हणून ७ + १० = १७.

सिद्धतेत खजुराहोचे अंक केवळ उदाहरणादाखल आहेत. कोणताही चार-बाय-चार नासिक चौरस घेतला तरी ती चालते. तिच्यातून लगेच आणखी एक गोष्ट निघते. ७ चा जोडीदार एकाच वेळी दोन घरे तिरका आणि पटाच्या समोरच्या कोपऱ्यात असू शकत नाही. म्हणून चार-बाय-चारचा एकही चौरस ड्यूररसारखा आणि नासिकसारखा, दोन्ही असूच शकत नाही. एक तर फिरवण्याची सममिती घ्या, नाही तर सरकवण्याची.

हीच युक्ती सहा-बाय-सहाच्या पटाला लावा. १ ते ३६ अंक, प्रत्येक ओळीची बेरीज १११. तीन सम ओळी मिळून ३३३, तीन विषम स्तंभ मिळून ३३३, म्हणून पुन्हा अ = ब; आणि समांतर असे तीन कर्ण मिळून अ + ब = ३३३. म्हणजे अ ची दुप्पट ३३३. विषम संख्येचे निम्मे पूर्णांकात येत नाही. म्हणून १ ते ३६ अंकांचा सहा-बाय-सहा नासिक चौरस अस्तित्वात नाही. संगणकाला रात्रभर राबवायची गरज नाही.

आता नावाकडे वळू.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज धर्मप्रसारक संस्थेचे नाशिकला मोठे ठाणे होते. १८५४ मध्ये याच संस्थेने शरणपूर वसवले; आजचा शरणपूर रोड त्याचीच आठवण. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे शिकली आणि त्यांच्यातले काही पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या आफ्रिका प्रवासात सामील झाले. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला. (हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, इथे फक्त मिशनचा आवाका लक्षात यावा म्हणून सांगितले.)

या संस्थेच्या नाशिकमधील पाद्र्यांपैकी एक होता अँड्र्यू हॉलिंगवर्थ फ्रॉस्ट, जन्म १८१९. त्याला अंकांच्या चौरसांचा छंद होता, आणि छंद म्हणावे त्याहून खोल. १८६६ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ प्युअर अँड अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात त्याचा जादूच्या घनांवरचा लेख आला. चौरसाऐवजी घन, म्हणजे ओळी आणि स्तंभांच्या जोडीला तिसरी दिशा. १८७८ मध्ये त्याच नियतकालिकात त्याचे दोन लेख प्रसिद्ध झाले, एक नासिक चौरसांच्या सर्वसाधारण गुणधर्मांवर आणि दुसरा नासिक घनांवर. तोवर गावाचे नाव लेखाच्या शीर्षकात जाऊन बसले होते.

नाव का, याचे उत्तर १९११ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात एका वाक्यात मिळते: फ्रॉस्ट भारतातल्या ज्या गावी राहत असे, त्या गावावरून. बस्स. १९०५ मध्ये सी. प्लँक या इंग्रज अभ्यासकाने खासगीरीत्या छापलेल्या पुस्तिकेच्या नावातही ‘नासिक’ हा शब्द आहे, आणि तिथे तो चौरसापलीकडे, कितीही मितींच्या पटांना लावला आहे. म्हणजे चाळीस वर्षांत आपल्या गावाचे नाव विशेषनाम राहिले नाही. ते सामान्यनाम झाले.

इथे आपल्यासारख्या इतिहासप्रेमींनी थांबायला हवे. ‘जगाला जादूचा चौरस नाशिकने दिला’ असे वाक्य लिहिण्याचा मोह मोठा आहे. ते चित्रावर टाकून पुढे पाठवले की हजारो लोक शेअर करतील. पण ते खोटे ठरेल, आणि खोटे ठरण्याहून वाईट म्हणजे ज्यांचे श्रेय खरोखर हुकले आहे ते त्या गदारोळात पुन्हा एकदा मागे पडतील.

त्यातला पहिला वराहमिहिर. सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांच्या प्रकरणात तो सोळा द्रव्ये चार-बाय-चारच्या पटावर मांडतो आणि प्रत्येक घरात त्या द्रव्याचे भाग लिहितो.

२ ३ ५ ८
५ ८ २ ३
४ १ ७ ६
७ ६ ४ १

१ ते ८ अंक दोनदा आले आहेत. कोणतीही ओळ, स्तंभ, कर्ण घ्या, बेरीज १८. तुटका कर्ण पाहा: ३, २, ६, ७. बेरीज १८. दोन-बाय-दोनची चौकट सरकवून पाहा. अत्तर बनवणाऱ्याने पटावरून चार द्रव्ये अशी कशीही उचलली तरी एकूण भाग तेवढेच राहतात. वास मात्र प्रत्येक वेळी निराळा. या मांडणीचे नाव ‘सर्वतोभद्र’, सर्व बाजूंनी शुभ. माझे मत विचाराल तर या गुणाला याहून नेमके नाव आजवर कोणी दिलेले नाही. इंग्रजीत त्याला कोणी जैन म्हटले, कोणी सैतानी म्हटले, आणि शेवटी ‘पॅनडायगोनल’ हे कोरडे नाव रूढ झाले.

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा, नारायण पंडित. १३५६ मध्ये त्याने ‘गणितकौमुदी’ पूर्ण केली. तिचा शेवटचा अध्याय ‘भद्रगणित’, अर्थात जादूच्या चौरसांचे गणित. नारायणाची एक पद्धत ‘तुरगगती’ची, म्हणजे बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीची. खजुराहोच्या पटावर करून पाहा: १ वरून २ वर अडीच घरांची चाल पडते. ३ वरून ४ वर तीच. ५ वरून ६, ७ वरून ८, थेट १५ वरून १६ पर्यंत, आठही जोड्या घोड्याच्या चालीत बसतात.

नारायणाने आणखी पुढचे सांगितले: चार-बाय-चारचे असे एकूण चौरस ३८४. त्याने डाव्या वरच्या घरात १ असलेले २४ चौरस मांडून दाखवले. हा २४ आकडा कुठून येतो, ते आज आपण पाहू शकतो. कडा ओलांडून मोजले तर प्रत्येक घराला चार सख्खे शेजारी असतात. कोणत्याही नासिक चौरसात १ चे शेजारी नेहमी ८, १२, १४ आणि १५ हेच असतात. खजुराहोत १ च्या डावीकडे १२, उजवीकडे १४, खाली ८, आणि वरची कड ओलांडली की १५. चार शेजारी चार जागांवर बसवण्याचे प्रकार २४. ते ठरले की बाकीचा पट आपोआप भरतो. १ ला पटावर कुठेही बसवता येते, त्या जागा १६. सोळा गुणिले चोवीस, तीनशे चौऱ्याऐंशी.

पाश्चात्त्य पुस्तकात हा आकडा ४८ दिसेल आणि गोंधळ उडेल, म्हणून सांगून ठेवतो. फ्रान्सच्या फ्रेनिकल द बेसी याने चार-बाय-चारचे सगळे जादूचे चौरस मोजले. त्याच्या मृत्यूनंतर १६९३ मध्ये ती मोजणी छापली गेली. त्याचा आकडा ८८०. पण त्याने कागद फिरवून किंवा आरशात धरून मिळणारे आठ चौरस एकच धरले. तसे धरले तर नासिक चौरस ३८४ भागिले ८, म्हणजे ४८. नारायणाने प्रत्येक फिरवलेले रूप स्वतंत्र मोजले. दोघेही बरोबर आहेत. सममितीला मोजणीत धरायचे की वगळायचे, एवढाच फरक.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. १३५६ मध्ये नारायण ३८४ म्हणतो. १८७८ मध्ये फ्रॉस्टचे नासिक चौरस छापले जातात. १९३८ मध्ये रॉसर आणि वॉकर हे दोन अमेरिकी गणितज्ञ आधुनिक बीजगणिताच्या साधनांनी ३८४ या आकड्यापर्यंत पोहोचतात. आणि ‘गणितकौमुदी’ छापून कधी आली? पद्माकर द्विवेदी यांच्या संपादनाखाली, बनारसहून, पहिला भाग १९३६ मध्ये आणि शेवटचा अध्याय असलेला दुसरा भाग १९४२ मध्ये. सिद्धता छापली गेली त्यानंतर चार वर्षांनी मूळ उत्तर छापखान्यात पोहोचले. मधल्या काळात टी. विजयराघवन यांनी १९४१ मध्ये ‘जैन’ जादूच्या चौरसांवर लेख लिहून हा धागा भारतीय बाजूने उचलला होता.

यात फ्रॉस्टने काही चोरले असे नाही. १८६६ मध्ये छापलेली ‘गणितकौमुदी’ जगात कुठेच नव्हती. हस्तलिखित पोथी दप्तरात बांधलेली राहिली की ज्ञान नष्ट होत नाही, पण त्याला नाव देण्याचा मान छापणाऱ्याकडे जातो. फ्रॉस्टने छापले, म्हणून नाव त्याचे, आणि त्याच्यामार्फत आपल्या गावाचे.

तरीही एखादा नाशिककर विचारील, मग या नावात आपले काहीच नाही का? त्याला देवळालीचे उदाहरण देता येईल. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे त्यांचे नाव जगभर आहे, मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले. जादूच्या चौरसांचाही त्यांना नाद होता आणि कोपर्निकसच्या नावाने त्यांनी असा एक चौरस रचला. म्हणजे फ्रॉस्टनंतर काही दशकांनी, त्याच्या मिशनपासून काही मैलांवर, दुसरा एक माणूस तोच खेळ खेळत होता, पगारी शिक्षकाच्या फावल्या वेळात.

याच कापरेकरांनी १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांच्या कुळाला ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. डेमलो हे मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचे रेल्वे स्थानक. तिथे त्यांना ही कल्पना सुचली. डेमलोच्या स्टेशनमास्तरांनी या संख्या शोधल्या असा दावा आजवर कोणी केलेला नाही. ‘नासिक चौरस’ हे नाव याच जातीचे. विचार कोणत्या गावी बसून झाला, याची ती नोंद आहे.

आता तुमचे काम. कोऱ्या पटावर डाव्या वरच्या घरात १ लिहा. त्याच्या उजवीकडे ८, खाली १२. वरच्या ओळीच्या शेवटच्या घरात १४, पहिल्या स्तंभाच्या तळाशी १५. हे १ चे चारही शेजारी झाले. पुढे फक्त दोन नियम वापरायचे: तिरक्या दिशेने दोन घरांवरचा जोडीदार मिळून १७, आणि दोन-बाय-दोनच्या कोणत्याही चौकटीची बेरीज ३४. अकरा घरे रिकामी आहेत. दुसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या घरात १३ आला, तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. पूर्ण झालेल्या पटाचे फोटो खाली टाका, आणि तळाच्या ओळीत १५, १०, ५, ४ नसेल तर टाकण्याआधी एकदा पुन्हा मोजा.